व्हिडिओ मुलाखतीसाठी पोशाख : आधी कॅमेरा, मग कपाट

व्हिडिओ मुलाखतीची तयारी करताना बहुतेक उमेदवार कपाटापासून सुरुवात करतात. चांगला शर्ट निवडतात, आरशासमोर उभे राहून तो पाहतात, इस्त्री करून ठेवतात आणि मुलाखतीला पंधरा मिनिटे उरली असताना लॅपटॉपसमोर बसतात. शर्टावरच्या बारीक रेघा पडद्यावर थरथरताहेत, पांढऱ्या कापडामुळे चेहरा काळवंडला आहे किंवा जॅकेटची कॉलर कानापर्यंत वर आली आहे, हे त्यांना तेव्हा कळते आणि बदलायला वेळ उरलेला नसतो. कपडे बहुधा चांगलेच असतात. चुकलेला असतो तो तयारीचा क्रम. मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही कॅमेऱ्यातून, एका चौकटीपुरते आणि बसलेल्या स्थितीत दिसणार आहात. त्यामुळे जागा, प्रकाश आणि चौकट आधी ठरवून त्या चौकटीत कपडे निवडावे लागतात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि शक्यतो तो क्रम बदलू नये.

## टप्पा १ : औपचारिकतेची पातळी ठरवणे (तीन-चार दिवस आधी)

पोशाख किती औपचारिक असावा, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारलेले बरे. मुलाखतीची वेळ कळवणाऱ्या व्यक्तीला उत्तर पाठवताना एक वाक्य जोडावे : “मुलाखतीसाठी पोशाखाबाबत काही अपेक्षा असल्यास कृपया कळवावे.” यात संकोच वाटण्यासारखे काही नाही; विचारपूस करणारा उमेदवार निष्काळजी वाटत नाही, तयारीचा वाटतो. त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाखत व्हिडिओवर थेट बोलून होणार आहे की दिलेल्या प्रश्नांची उत्तरे नोंदवून पाठवायची आहेत, ती कोणत्या अॅपवर होणार आहे आणि त्यात उभे राहून काही सादर करायचे आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर कॅमेऱ्याची चौकट बदलते आणि त्याबरोबर कपड्यांची निवडही बदलते.

उत्तर आले नाही, तर संस्थेच्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांची कामाच्या ठिकाणची छायाचित्रे पाहावीत. समारंभातली छायाचित्रे यासाठी उपयोगाची नाहीत, कारण त्या दिवशी सगळेच वेगळे सजलेले असतात. रोजच्या कामात लोक जे घालतात, त्यापेक्षा एक पायरी वरचा पोशाख निवडावा. तिथे टी-शर्ट दिसत असतील तर कॉलरचा साधा शर्ट किंवा नीटनेटका टॉप पुरतो. तिथे शर्ट दिसत असतील तर त्यावर जॅकेट चढवावे. आणि कायदा, वित्त किंवा वरिष्ठ व्यवस्थापनासारख्या क्षेत्रात सूट घालण्यात कुठलाही अतिरेक नाही. कोणताच अंदाज येत नसेल, तर माझा कौल नेहमी थोड्या जास्त औपचारिकतेच्या बाजूने राहील. गरजेपेक्षा नीट दिसलेला उमेदवार त्या कारणावरून मागे पडण्याची शक्यता फार कमी असते, गरजेपेक्षा ढिला दिसलेल्याची मात्र असते.

इशारा : नोंदवून पाठवायच्या मुलाखतीत समोर कोणी नसते म्हणून पोशाखात सवलत मिळते, असे समजू नये. ते चित्रण एकाहून अधिक जण, कदाचित थांबवून थांबवून पाहू शकतात.

## टप्पा २ : जागा, प्रकाश आणि चौकट पक्की करणे

हा टप्पा कपड्यांचा वाटत नाही म्हणून सर्वांत जास्त वेळा वगळला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निर्माण होतात.

मुलाखतीला जिथे बसणार आहात तिथेच, त्याच खुर्चीवर आणि त्याच उपकरणासमोर बसावे. लॅपटॉपखाली पुस्तके किंवा खोका ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा. कॅमेरा खाली राहिला तर तो हनुवटीच्या खालून वर पाहतो. त्यात शर्टाचा पुढचा भाग अवाढव्य आणि चेहरा लहान दिसतो. चेहरा आणि कॅमेरा यांच्यात साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर अंतर ठेवावे. डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली छातीच्या मध्यापर्यंतचा भाग, एवढे चौकटीत यायला हवे. फोनवरून मुलाखत देणार असाल तर फोन हातात न धरता आडवा करून स्टँडवर पक्का बसवावा.

प्रकाश समोरून यावा. खिडकीकडे तोंड करून बसणे उत्तम, आणि खिडकीकडे पाठ करून बसणे सर्वांत वाईट, कारण तेव्हा कोणताही रंग घातला तरी तुम्ही सावलीसारखेच दिसता. ही पाहणी ज्या वेळी मुलाखत आहे त्याच वेळी करावी. सकाळी उजळ असणारी खोली संध्याकाळी वेगळी असते. उजेडाची रंगछटा केल्व्हिनमध्ये मोजतात; खिडकीचा दिवसाचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर असतो, तर पिवळा दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो. दोन्ही एकत्र पडले की कॅमेऱ्याला पांढऱ्या रंगाचा मेळ साधता येत नाही. शर्टाची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळट दिसते. म्हणून एकाच प्रकारचा उजेड ठेवावा.

मागची भिंत किंवा पडदा कोणत्या रंगाचा आहे, हेही आत्ताच लिहून ठेवावे. पुढच्या टप्प्यात त्याची गरज पडणार आहे.

तपासणी : अंगात कोणतेही कपडे असताना या चौकटीचे एक छायाचित्र घ्यावे. कपड्यांचा नेमका किती भाग दिसतो, कॉलर चौकटीत कुठे येते आणि बाह्या दिसतात की नाही, हे त्यातून कळते. ते छायाचित्र समोर ठेवून मगच कपाट उघडावे.

## टप्पा ३ : रंग निवडणे

रंगाबाबत ‘तुम्हाला शोभेल तो’ हा सल्ला कॅमेऱ्यासमोर अपुरा पडतो. अनेक साधे वेबकॅम संपूर्ण चौकटीतला उजेड मोजून त्याची सरासरी मध्यम पातळीवर आणण्याचा प्रयत्न करतात. छातीचा मोठा भाग शुभ्र पांढरा असेल तर कॅमेऱ्याला चौकट फार उजळ वाटते, तो एकूण उजेड कमी करतो आणि त्यात चेहरा काळपट पडतो. याउलट काळा शर्ट आणि मागे गडद भिंत असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो, आणि चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जाऊन तो पांढुरका दिसतो. चेहरा उजळ करण्यासाठी पांढरा शर्ट घालणारे उमेदवार म्हणूनच नेमका उलटा परिणाम पदरात पाडून घेतात.

मध्यम ते गडद छटांचे, एकरंगी कपडे सर्वांत सुरक्षित असतात : गर्द निळा, मोरपिशी, बाटली हिरवा, गडद मरून, जांभळट राखाडी. फिकट रंग आवडत असतील तर शुभ्र पांढऱ्याऐवजी हस्तिदंती किंवा फिकट निळा घ्यावा. पांढरा शर्ट घालायचाच असेल तर त्यावर गडद जॅकेट चढवावे. मग पांढऱ्याची फक्त एक पट्टी दिसते आणि कॅमेऱ्याचा हिशेब बिघडत नाही.

भडक लाल, झगझगीत गुलाबी आणि चकाकत्या नारिंगी रंगांची अडचण वेगळी आहे. व्हिडिओ पाठवताना माहितीचा आकार कमी करण्यासाठी रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवला जातो; सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४:२:० पद्धतीत चार बिंदूंच्या चौकोनासाठी रंगाची एकच नोंद असते. गर्द आणि भडक रंगाच्या कडांवर हे सर्वाधिक जाणवते : लाल शर्टाची कड मागच्या भिंतीत झिरपल्यासारखी दिसते. शिवाय कापडावरून परतणाऱ्या उजेडामुळे त्या रंगाची छाया हनुवटीच्या खालच्या बाजूला पडते. लालच आवडत असेल तर त्याची मरूनकडे झुकणारी छटा घ्यावी.

रंग निवडताना तीन तुलना करून पाहाव्यात. पहिली मागच्या भिंतीशी : भिंतीच्याच छटेचा शर्ट घातला तर खांदे नाहीसे होतात आणि फक्त डोके तरंगताना दिसते. दुसरी त्वचेशी : त्वचेच्या रंगाला फार जवळचे बदामी, मातकट किंवा फिकट गुलाबी कापड कमी दर्जाच्या चित्रात त्वचेत मिसळून जाते, आणि अंगात कापडच नसल्याचा भास होऊ शकतो. तिसरी केसांशी : केस खांद्यावर मोकळे सोडणार असाल तर काळ्या केसांखाली काळा शर्ट घेऊ नये.

आभासी पार्श्वभूमी वापरणार असाल तर आणखी एक अडचण संभवते. मागे हिरवा पडदा लावून ती वापरत असाल तर अंगावर हिरव्या रंगाचा अंशही नको, कारण कपड्याचा तेवढा भाग पार्श्वभूमीत विरघळतो. पडदा न लावता अॅपच्या आधाराने पार्श्वभूमी बदलत किंवा धूसर करत असाल, तर कपडे आणि मागची खरी भिंत किंवा खुर्ची यांच्या रंगांत स्पष्ट फरक असायला हवा. नाहीतर खांद्याची कड सतत तुटत-जोडत राहते. मला विचाराल तर, मागे नीटनेटकी साधी भिंत उपलब्ध असताना आभासी पार्श्वभूमी लावूच नये.

तपासणी : निवडलेले दोन-तीन कपडे अंगात घालण्याआधी एकेक करून गळ्याशी धरावेत आणि कॅमेऱ्यात पाहावे. कापड बदलताना चेहऱ्याचा उजेड किती बदलतो, तिकडे लक्ष ठेवावे. ज्या कापडाने चेहरा सर्वांत स्वच्छ दिसतो, ते निवडावे.

## टप्पा ४ : नक्षी आणि कापडाचा पोत

बारीक उभ्या रेघा, छोटी चौकडी, माशाच्या काट्यासारखी विण आणि बारीक ठिपके हे चारही प्रत्यक्ष मुलाखतीत अत्यंत सभ्य दिसतात, पण कॅमेऱ्यावर घात करतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर बिंदूंची स्वतःची एक जाळी असते. कापडावरची नक्षी त्या जाळीइतकीच बारीक झाली की दोन्हींच्या छेदातून नव्या, वळणावळणाच्या, कधी इंद्रधनुषी रेघा तयार होतात आणि तुम्ही हललात की त्या सरकतात. याला मॉयरे परिणाम म्हणतात. समोरच्या व्यक्तीला कारण ठाऊक नसले तरी तिची नजर चेहऱ्याऐवजी त्या हलणाऱ्या रेघांकडे जात राहते.

तुमच्या पडद्यावर हा दोष दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असे मात्र धरू नये. मुलाखतीत चारपाच जण असतील तर समोरच्या पडद्यावर तुमची चौकट लहान होते, आणि चित्र लहान करतानाही हाच परिणाम निर्माण होऊ शकतो. शिवाय इंटरनेटचा वेग घसरला की अॅप चित्राचा दर्जा उतरवते. १२८० × ७२० बिंदूंचे चित्र ६४० × ३६० वर आले की बारीक नक्षीचा गढूळ डाग होतो. त्यामुळे नक्षी टाळणे हाच उपाय आहे. अगदी हवीच असेल तर ती मोठी, विरळ आणि सौम्य असावी. मोठी अक्षरे, चिन्हे किंवा चित्रे छापलेले कपडे पूर्णपणे वर्ज्य समजावेत. चौकटीत अर्धवट कापले गेलेले वाक्य वाचणाऱ्याला भलताच अर्थ सुचवू शकते.

पोताकडे तितकेच लक्ष द्यावे. सॅटिन, रेशमासारखे चकाकणारे कापड आणि चमकदार पॉलिएस्टर समोरच्या दिव्याचा उजेड परत फेकतात आणि छातीवर पांढरे पट्टे उमटतात. लिनन दिसते छान, पण बसल्यावर थोड्याच वेळात त्याच्या कोपरांवर आणि पोटावर चुण्या पडतात. चांगल्या वजनाचे सुती किंवा सुती मिश्रणाचे, मंद पोताचे कापड सर्वांत भरवशाचे. पातळ कापड उजेडात आरपार दिसते का, हे दिव्यासमोर बसूनच तपासावे आणि गरज असल्यास आत त्वचेच्या रंगाचे साधे अंतर्वस्त्र घालावे. पांढऱ्या शर्टाआत पांढरी बनियन उलट जास्त उठून दिसते.

इशारा : नवे कोरे कापड मुलाखतीच्या दिवशी प्रथमच घालू नये. घडीच्या रेषा, गळ्याला टोचणारे लेबल आणि ताठ कॉलर यांचा त्रास तुमच्या हालचालींतून समोर पोहोचतो.

## टप्पा ५ : गळा, कॉलर आणि खांदे

चौकटीत तुमचा फक्त वरचा भाग दिसत असल्यामुळे गळ्याच्या आकाराला एरवीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व येते. उभे असताना मुळीच खोल न वाटणारा गळा चौकटीच्या खालच्या कडेजवळ आला की खोल भासतो. खांद्यावरून उतरता किंवा बारीक पट्ट्यांचा टॉप चौकटीत कापला जाऊन उघड्या खांद्यांचाच आभास निर्माण करतो. टप्पा २ मधले छायाचित्र इथे उपयोगी पडते : गळ्याची रेषा आणि चौकटीची खालची कड यांच्यात कापडाचा भरपूर भाग दिसला पाहिजे.

कॉलर चेहऱ्याला आधार देते, म्हणून शक्य असेल तिथे कॉलरचा कपडा निवडावा. मऊ, ढिली पडलेली कॉलर जॅकेटखाली सपाट पडते आणि शर्ट जुना वाटतो. कॉलरला इस्त्री करताना टोकाकडून मध्याकडे करावी, म्हणजे चुण्या टोकाशी साचत नाहीत. टाय लावणार असाल तर वरचे बटण लावूनच गाठ बांधावी. कॅमेऱ्यात गाठ जवळजवळ मध्यभागी येते आणि ती एका बाजूला सरकलेली असेल तर लगेच लक्षात येते. टाय लावणार नसाल तर फक्त वरचे एक बटण मोकळे ठेवावे.

आता सर्वांत दुर्लक्षित बाब. कपडे उभ्याने मापून घेतले जातात आणि मुलाखत बसून दिली जाते. बसल्यावर जॅकेटचे खांदे वर चढतात, कॉलर मानेपासून सुटते आणि पाठीवर फुगवटा येतो. बातम्या देणारे निवेदक यावर वापरतात तो उपाय सोपा आहे : जॅकेटची मागची कड खाली ओढून तिच्यावर बसावे. खांदे जागेवर राहतात. बसताना जॅकेटची बटणे मोकळी करावीत. लावलेल्या बटणांनी पोटापाशी आडव्या चुण्या पडतात आणि चौकट थोडी मोठी असेल तर त्या दिसतात. शर्टाच्या बाबतीत बसल्यावर छातीवरच्या दोन बटणांमधली फट उघडते का, हे पाहावे. उघडत असेल तर आतून लहानशी सेफ्टी पिन किंवा कापडाला चिकटणारी दुहेरी पट्टी लावावी, किंवा एक माप मोठा शर्ट घ्यावा.

तपासणी : खुर्चीत बसून हात पुढे करावेत, टेबलावरून काही उचलल्यासारखे वाकावे, मान दोन्हीकडे वळवावी आणि मग पुन्हा सरळ बसावे. कपडे आपोआप जागेवर आले तर ते योग्य आहेत. दर वेळी हाताने ओढून नीट करावे लागत असतील तर दुसरे निवडावेत, कारण मुलाखतीत तुम्ही तीच ओढाताण नकळत करत राहाल.

## टप्पा ६ : कमरेखालचा पोशाख

इथे फार लिहिण्याची गरज नाही. पूर्ण पोशाख करावा. वर जॅकेट आणि खाली घरातली चड्डी असा बेत बहुतेक वेळा निभावतो, हे खरे. पण चार्जर सैल होतो, दार वाजते, मागचा दिवा बंद पडतो आणि उठावे लागते. वरच्या कपड्याशी जुळणारी, बसून आरामदायक वाटणारी गडद पँट किंवा स्कर्ट घालावा. कमरेला आवळणारा पट्टा टाळावा, कारण तासभर सरळ बसायचे आहे. बूट घालावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे, मात्र उभे राहून सादरीकरण असेल तर तेही घालावेत आणि त्यांचा आवाज जमिनीवर कसा येतो ते ऐकून पाहावे.

## टप्पा ७ : चष्मा, दागिने, केस आणि हेडफोन

चष्मा रोज वापरत असाल तर मुलाखतीतही वापरावा. न वापरता पडद्याकडे डोळे बारीक करून पाहणे अधिक वाईट दिसते. काचांवर चमक येत असेल तर दिवा थोडा वर आणि एका बाजूला सरकवावा, पडद्याची चकाकी कमी करावी आणि समोर पांढरे मोठे पान उघडे ठेवू नये. चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलून काचा जराशा खाली झुकवल्या तरी फरक पडतो. उन्हात काळसर होणाऱ्या काचा असतील तर ऊन थेट येणाऱ्या खिडकीसमोर बसू नये.

दागिन्यांची कसोटी दिसण्याची कमी आणि ऐकू येण्याची जास्त आहे. बांगड्या, सैल धातूचे घड्याळ आणि लोंबते कानातले टेबलावर, माइकवर किंवा हेडफोनवर आपटतात. तो आवाज लॅपटॉपच्या अंगच्या माइकमधून मोठा होऊन पोहोचतो आणि तो तुम्हाला ऐकूही येत नाही. वायरवर माइक असलेले इअरफोन वापरत असाल तर तो माइक कॉलर, बटण, स्कार्फ किंवा ओढणी यांच्यावर घासत नाही ना, ते पाहावे. खरखरणारे कृत्रिम कापडही याच कारणाने टाळावे.

केस चेहऱ्यावरून मागे असावेत आणि बोलताना हात सारखा तिकडे जाणार नाही असे बांधलेले असावेत. मोठे हेडफोन घालणार असाल तर केसांची रचना ते घालूनच ठरवावी. डोक्यावर रोज काही परिधान करत असाल तर ते अर्थातच ठेवावे. त्याचा रंग मागच्या भिंतीपासून वेगळा आणि साधा असला म्हणजे पुरे. चेहऱ्यावरचा तेलकटपणा कॅमेऱ्यात उठून दिसतो, म्हणून कोरडा टिश्यू हाताशी ठेवावा. काही अॅपमध्ये चेहरा गुळगुळीत दाखवणारी सोय असते. ती बंद ठेवावी किंवा अगदी किमान ठेवावी, कारण तिच्यामुळे चेहरा मेणासारखा दिसू लागतो.

## टप्पा ८ : रंगीत तालीम (एक दिवस आधी)

इथवर सगळे नीट केलेले उमेदवारही या टप्प्यावर एक चूक हमखास करतात : फोनच्या किंवा लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने चित्रण करून ते पाहतात आणि समाधानी होतात. ते चित्रण इंटरनेटवरून गेलेले नसते, म्हणून ते समोरच्याला दिसणाऱ्या चित्रापेक्षा चांगले असते. खरी तालीम अशी करावी.

१. ज्या अॅपवर मुलाखत आहे त्याच अॅपवर एक बैठक सुरू करावी.

२. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून, त्याचा आवाज आणि माइक बंद ठेवून, पाहुणा म्हणून त्याच बैठकीत सामील व्हावे. विश्वासातली एखादी व्यक्ती दुसऱ्या ठिकाणाहून सामील झाली तर अधिकच चांगले.

३. पूर्ण पोशाखात, मुलाखतीच्याच वेळी, पाचदहा मिनिटे मोठ्याने बोलावे. “स्वतःबद्दल सांगा” या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणजे हातवारे नैसर्गिक येतात.

४. दुसऱ्या पडद्यावर स्वतःचे चित्र आधी मोठे आणि मग लहान चौकटीत पाहावे. दोन्ही स्थितींचे छायाचित्र घ्यावे.

छायाचित्रात चेहरा आणि शर्ट यांपैकी नजर आधी कुठे जाते, हे पाहावे. ती शर्टाकडे गेली तर शर्ट बदलावा. मग तो कितीही आवडता असो. त्यानंतर कडा, चकाकी, चुण्या आणि फट यांकडे वळावे. बाजूने येणाऱ्या उजेडात चुण्या दुप्पट खोल दिसतात, तेव्हा इस्त्री पुरेशी झाली आहे की नाही हेही इथेच समजते.

आणखी एका गोष्टीने अनेकांचा गोंधळ होतो. बहुतेक अॅप तुम्हाला तुमचे स्वतःचे चित्र आरशासारखे उलटे दाखवतात, समोरच्याला मात्र ते सरळ दिसते. केसांचा भांग, जॅकेटवरची पिन, कॉलरचे दुमडलेले टोक नेमके कोणत्या बाजूला आहे, हे दुसऱ्या उपकरणावरच पडताळावे.

इशारा : तालमीत मान्य झालेला पोशाख आदल्या रात्री बदलू नये. मित्राने सुचवलेला नवा शर्ट कदाचित अधिक सुंदर असेल, पण त्याची परीक्षा झालेली नसते.

## टप्पा ९ : मुलाखतीचा दिवस

आदल्या रात्रीच कपडे इस्त्री करून हँगरवर टांगून ठेवावेत. घडी घालू नये. त्याच्याशेजारी दुसरा तपासलेला शर्ट किंवा टॉप तयार ठेवावा. चहा सांडणे, बटण तुटणे आणि ऐनवेळी डाग दिसणे या घटना सांगून येत नाहीत. गडद कापडावरचे धागे आणि केस चिकटपट्टीने टिपून काढावेत.

खाणेपिणे पूर्ण आटोपल्यावरच मुलाखतीचे कपडे घालावेत आणि ते साधारण अर्धा तास आधी घालावेत. फार आधी घातले तर चुण्या पडतात, फार उशिरा घातले तर घाईचा घाम येतो. आवाज नको म्हणून पंखा आणि खिडकी बंद करणार असाल, तर खोली आधी गार करून घ्यावी. घामाचे डाग मध्यम राखाडी आणि फिकट निळ्या कापडावर सर्वाधिक दिसतात; ज्यांना घाम लवकर येतो त्यांनी गर्द निळा रंग निवडावा आणि आत घाम शोषणारे सुती वस्त्र घालावे. कपडे चढवल्यावर कॅमेऱ्यात एकदा चौकट पाहावी, जॅकेटची कड ओढून बसावे, आणि त्यानंतर कपड्यांचा विचार पूर्ण थांबवावा. अॅपमध्ये स्वतःचे चित्र लपवण्याची सोय असेल तर मुलाखत सुरू होताच ती वापरावी, नाहीतर नजर पुन्हा पुन्हा स्वतःच्या कॉलरकडे वळते.

मुलाखत चालू असताना काही बिघडलेच, तर लपवालपवी करू नये. बटण निघाले किंवा पाणी सांडले तर “क्षमस्व, मला एक मिनिट द्यावे” असे सांगून कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद करावेत, तयार ठेवलेला दुसरा कपडा घालावा आणि परत यावे. कॉलर थोडी वळलेली दिसली तर ती तशीच राहू द्यावी; बोलता बोलता ती सारखी करत राहण्याने जास्त व्यत्यय येतो. मुलाखत घेणारे अगदी साध्या कपड्यांत दिसले तरी तुम्ही जॅकेट उतरवू नये, आणि पोशाखाबद्दल खुलासाही देऊ नये.

बैठक संपल्याचा संदेश पडद्यावर दिसेपर्यंत आणि कॅमेऱ्याचा दिवा विझेपर्यंत टाय सैल करू नये, उठू नये. नंतर कोणत्या दिवशी, कोणासमोर काय घातले होते, ते तालमीच्या छायाचित्रासह नोंदवून ठेवावे. पुढच्या फेरीचे बोलावणे आले की चौकट, खुर्ची आणि दिवा तेच ठेवून फक्त शर्ट किंवा टॉप बदलावा, आणि त्या नव्या कपड्यासाठी टप्पा ३ पासून टप्पा ८ पर्यंतच्या तपासण्या पुन्हा कराव्यात.